पुराव्याला दहा मार्क

छप्पन्न निबंध तपासायला फार तर दोन तास लागतील, असं अनुराधा म्हणाली तेव्हा तिची आई कमला भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. नुसतं "हूं" केलं. या "हूं"चा अर्थ अनुराधाला तेव्हाच कळला असता, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण जिनं आठच दिवसांपूर्वी निपाणीच्या वक्तृत्व स्पर्धेतून हातभर उंचीची ढाल आणली आहे आणि जिच्याकडं तीन कोरी लाल पेनं आहेत, अशा दहावीतल्या मुलीला आईचे "हूं" ऐकू येत नसतात.

पेनं तीनच का, तर एक लिहायला, एक ते संपलं तर, आणि एक कानावर खोचायला. तिसऱ्याचा उपयोग सगळ्यांत जास्त झाला.

हे काम तिच्याकडं कसं आलं, तेही ऐकण्यासारखं आहे. बोरगावच्या त्यांच्या शाळेत दरवर्षी सहावी ते आठवीच्या मुलांची 'आपलं मत मांडा' निबंध स्पर्धा होते. एक बाजू घ्यायची आणि ती पटवून द्यायची, एवढंच. गेल्या वर्षीचा विषय होता 'मोबाईल : शाप की वरदान'. एकसष्ट निबंध आले. त्यातले अठ्ठावन्न 'नाण्याला दोन बाजू असतात' इथं सुरू झाले आणि 'शेवटी काय, ज्याचे त्याने ठरवावे' इथं संपले. उरलेले तीन संपलेच नाहीत, कारण घंटा झाली. मराठीचे परशराम सर ते निबंध तपासून दोन दिवस कुणाशी बोलत नव्हते. या वर्षी त्यांची सर्वेच्या ड्युटीवर नेमणूक झाली, आणि ते इतक्या आनंदानं घरं मोजायला निघून गेले की हेडसरांना संशय आला.

हेडसर म्हणजे यल्लाप्पा सर. त्यांनी अनुराधाला बोलावून सरळ सांगितलं, "बघ, तुझं मराठी चांगलं हाय. माझं कन्नड चांगलं हाय. म्हणून निबंध तू तपास."

यात वाद घालायला जागाच नव्हती. शिवाय विषयही तिचाच होता. 'लग्नात पंगत असावी की बुफे?'

तो तिला सुचला नव्हता, तिच्या घरात महिनाभर नुसता उकळत होता. तिच्या दादाचं, अभिनंदनचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं, आणि घराचे दोन तुकडे झाले होते. एका बाजूला आज्जा, म्हणजे आण्णासाहेब मगदूम. वय शहात्तर, पांढरी टोपी, आणि गावातल्या कुठल्याही मांडवात माईक आपोआप ज्यांच्या हातात जातो असा आवाज. त्यांचं म्हणणं एकच. "आमच्या मांडवातनं आजवर एक माणूस उपाशी उठला न्हाय. पंगत म्हंजे पंगत!" हे वाक्य ते दूधवाल्याला सांगायचे, तारा जोडायला आलेल्या लाईनमनला सांगायचे, आणि कुणी नसलं तर म्हशीला सांगायचे. दुसऱ्या बाजूला आई. "पंगतीत वाढणाऱ्यांना पाणी कोण देतंय? मी. शेवटाला चार वाजता गार भात कोण खातंय? मी. बुफे पायजे," असं ती म्हणायची, आणि ते भांड्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणायची. ज्याचं लग्न होतं त्या दादाचं मत कुणी विचारलं नव्हतं. एकदा त्यानं आपणहून सांगितलं, "मला कुठंबी वाढा." त्यावर दोन्ही पक्ष त्याच्यावर उखडले.

तर अशा ज्वलंत विषयावर मुलं मतं मांडणार होती. आणि या वर्षी 'नाण्याला दोन बाजू' नकोत म्हणून अनुराधानं मार्कांची नवी वाटणी केली. स्वतःचं मत पाच, कारणं पाच, समोरच्याचं म्हणणं सांगून त्याला उत्तर पाच, शुद्धलेखन आणि अक्षर पाच. आणि पुरावा दहा.

हो. दहा.

कानावर पेन खोचून ती सहावी, सातवी, आठवीच्या वर्गांत जाऊन समजावून आली. "पुरावा म्हणजे 'लोक म्हणतात' नव्हे. कोण, कुठं, कधी, किती! स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं! नाव-गाव असलं तरच मार्क!" सातवीतल्या पोरांच्या डोळ्यांत तेव्हा जी चमक आली, ती तिला ज्ञानाची वाटली. माणसाची फसगत अशीच होते.

कागदांवर नावं नव्हती, नुसते नंबर होते. कुठला नंबर कुणाचा, ती यादी बंद पाकिटात हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये. तपासनिसानं निःपक्षपाती असलं पाहिजे यावर अनुराधाचा भारी कटाक्ष. सोमवारी शाळा सुटल्यावर ती सोप्यात पाट टाकून, छप्पन्न निबंध पुढ्यात घेऊन, पाठ ताठ करून बसली. आज्जांनी तिच्याकडं बघून टोपी सरळ केली. इतकी ती न्यायाधीश दिसत होती.

चौथ्या निबंधापर्यंत गुप्तता टिकली. पाचवा निबंध असा सुरू झाला : 'मी अक्काताईंचा मुलगा, राहणार जैन बस्तीच्या देवळासमोर, शपथेवर सांगतो की पंगतच चांगली. कारण बुफेत लोक खातात त्यापेक्षा जास्त नेतात. पुरावा : माझ्या आईने निपाणीच्या लग्नात पिशवीतून अकरा गुलाबजाम आणले. ते आम्ही घरी खाल्ले, म्हणून पुरावा आता शिल्लक नाही. पण मी साक्षीदार आहे.'

अनुराधानं कपाळावर हात मारला, आणि पुराव्याला साडेनऊ दिले. काय करणार? कोण, कुठं, किती, सगळं होतं की!

मग नंबर नऊ : 'पंगतीत वाढपी माणूस बघून वाढतो. पुरावा : नागोजीमामा जिलबीची बुट्टी घेऊन सरपंचांच्या रांगेत चारदा आले आणि आमच्या रांगेत एकदा, ते पण पळत.' नंबर चौदा : 'बुफेत म्हाताऱ्यांचे हाल होतात. माझ्या आजोबांच्या एका हातात ताट आणि एका हातात काठी होती. तिसरा हात नसल्यामुळे भजी राहिली.' नंबर बावीसनं मांडवाचा नकाशा काढून नागोजीमामांच्या वाटेवर बाण दाखवले होते. नंबर तीसचं मत होतं की दोन्ही असावं, कारण 'आधी बुफेत आणि मग पंगतीत बसता येते. पुरावा : मी.' आणि नंबर तेहतीस प्रामाणिक होता. 'मला कुणी लग्नाला नेत नाही. घर राखायला ठेवतात. म्हणून माझ्याकडे पुरावा नाही. तरी पण बुफे.'

हसून हसून अनुराधाच्या पोटात दुखायला लागलं. नेमकी तेव्हाच शेजारची सौम्या आली. ती तिची वर्गातली मैत्रीण. "काय वाचालीस गं? मला पण सांग की!"

"न्हाय. गुप्त असतंय."

"एकच!"

माणूस कितीही निःपक्षपाती असलं तरी अकरा गुलाबजाम एकट्यानं पचवणं अवघड असतं. अनुराधानं एकच वाचून दाखवला. "पण तोंडातनं जाऊ देऊ नकोस हं!"

"माझ्या? शपथ!"

सौम्या शब्दाची पक्की. तिच्या तोंडातून एक अक्षर गेलं नाही. तिनं ते मोबाईलवर टाईप केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनुराधा शाळेतून आली, तर सोप्यात अक्काताई बसलेल्या. शेजारी शेंगदाण्याच्या चटणीची वाटी.

"घे गं बाई, ताजी हाय. बरं, आमच्या पोरानं गुलाबजामाचं काय लिवलंय?"

"काकू, ते गुप्त आहे." अनुराधानं शक्य तितकं शहरी मराठी काढलं.

"गुप्त कसलं डोंबलाचं? बोरगावभर झालंय. अकरा न्हाईत, नऊ होतं! खोटा पुरावा दिलाय त्यानं. काप त्याचं मार्क!"

"काकू, पण नऊ म्हणजे..."

"नऊ म्हंजे चौघांना दोन-दोन आन एक म्हातारीला. हिशेबानं आणलंतं मी. अकरा म्हंजे हावरेपणा झाला की!" अक्काताई उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि वाटी उचलली. "मार्क कापलं की चटणी पाठवती."

त्या बाहेर पडतात तोवर नागोजीमामा आत. नागोजीमामा म्हणजे चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक पंगतीत जिलबी वाढणारा माणूस. बुट्टी हातात नसली तर हात कुठं ठेवायचे हे त्यांना कळत नाही. ते उंबऱ्यात उभे राहून दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "पोरं मला बघून हसत्यात. किती जणांनी माझं नाव लिवलंय?"

"मामा, मला सांगता येत न्हाय."

"दोन? तीन?"

सतरा होते. नकाशासकट.

"घरं तेवढी सांग," मामा खालच्या पट्टीत म्हणाले. "पुढच्या बारीला तिथं जरा सढळ हातानं वाढतो."

"घरं पण गुप्त आहेत."

मामांनी डोळे मिटून विचार केला आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे काय आता सगळ्यांनाच सारखं वाढाय पायजे व्हय?"

बुधवारपर्यंत सोप्यात बसायला जागा राहिली नाही. कुणी आपलं नाव आहे का बघायला यायचं, कुणी नाही म्हणून रुसायला. अनुराधा कागदांवर दप्तर, दप्तरावर ढाल आणि ढालीवर हात ठेवून बसायची. न्यायाधीशाची आता कोंबडी झाली होती, अंड्यांवर बसलेली. आज्जांची मात्र चंगळ. आलेल्या प्रत्येकाला पंगतीचं महत्त्व सांगायला मिळत होतं. संध्याकाळी ते मतमोजणीची चौकशी करावी तसे विचारायचे, "काय गं, कोण पुढं हाय?"

"आज्जा, असं सांगत नसतात."

"नाव नको. नुसता आकडा सांग की."

आणि आई स्वयंपाकघरातून, "मला सांगू नकोस, माझं काय न्हाय त्यात. पण बुफे पुढं हाय न्हवं?"

गुरुवारी ती नंबर एकेचाळीसपाशी आली. वहीतून फाडलेला कागद, बारीक, तिरकं अक्षर. त्यात असं होतं :

'माझे मत : लग्नात बुफे असावा. कारण : पंगतीत सगळ्यांना एकदम सुरू करावे लागते, आणि सूर्य कुणासाठी थांबत नाही.

पुरावा : मी चौथीत होते. मगदूमांच्या घरचे लग्न होते. मी आणि माझी जिनमती आज्जी तिसऱ्या पंगतीला बसलो. आज्जी सूर्य मावळल्यावर जेवत नाही, पाणी पण पीत नाही. पान वाढून झाले तेव्हा मांडवाच्या कापडावर ऊन होते. पण यजमान सुरू करा म्हणेपर्यंत घास घ्यायचा नसतो. यजमान आण्णासाहेब आज्जा माईकवर पाहुण्यांचे सत्कार करत होते. मी नावे मोजली. बाविसाव्या नावाला ऊन गेले. एकतिसाव्या नावानंतर ते सुरू करा म्हणाले. आज्जीने पानाला नमस्कार केला आणि उठली. मी रडायला लागले तर म्हणाली, सुम्न कुंद्र, गप बस आणि जेव. जिलबी होती. दारात कुणीतरी विचारले जेवलात का, तर ती म्हणाली पोट भरलं. आज्जीने हे कुणाला सांगू नको म्हटले होते. पण पुराव्याला दहा मार्क आहेत.

समोरच्याचे म्हणणे : पंगतीत आग्रह करून वाढतात, बुफेत कुणी विचारत नाही. हे मला मान्य आहे. पण आग्रह सूर्य असताना करावा.'

अनुराधानं कानावरचं पेन काढलं आणि खाली ठेवलं.

ते तिच्या आत्याचं लग्न. तीन वर्षांपूर्वीचं. तिनं स्वतः त्या दिवशी चार जिलब्या खाल्ल्या होत्या. बाहेर अंगणात आज्जा कुणाला तरी सांगत होते, "आमच्या मांडवातनं आजवर एक माणूस..."

नंबर कुणाचा, हे पाकीट न फोडताही कळत होतं. जिनमती आज्जींची नात एकच, सातवीतली पद्मजा. वर्गात कधी हात वर न करणारी.

अनुराधानं मार्क मांडले. अठ्ठावीस. त्याच्या खाली नंबर पाच, अकरा गुलाबजामवाला, साडेचोवीस. मग तिनं शुद्धलेखनाच्या चुका पुन्हा मोजल्या. तीनच निघाल्या. अक्षर तिरकं म्हणून अर्धा कापला, मग लाज वाटून परत दिला. कागद फाडलेला म्हणून अर्धा कापला, मग आठवलं की फाडलेले तर सगळेच होते. शेवटी तिनं तो निबंध ढिगाच्या तळाशी घातला. पण तळाशी घातल्यानं निबंधाचे मार्क कमी होत नाहीत. फार तर वरचे बाकीचे जरा घसरतात.

शुक्रवारी निकाल घेऊन ती हेडसरांकडं गेली. सरांनी एक छापील फॉर्म पुढं केला. त्यात पुराव्याला कॉलमच नव्हता. 'भाषा, अक्षर, टापटीप' एवढंच, आणि एकूण गुण पंचवीस. शिवाय तळाशी एक रकाना होता : 'तपासनिसाच्या नेमणुकीचा आदेश क्रमांक'.

"आदेश कुठं हाय तुझा?" सरांनी विचारलं.

"तुम्ही तोंडीच म्हणालात, सर."

"तोंडीला नंबर नसतो." सर गंभीर झाले. "आदेश न्हाय म्हणजे नेमणूक न्हाय. नेमणूक न्हाय म्हणजे तपासणीच झाली न्हाय."

अनुराधाचा जीव एकदम हलका झाला. इतका मोठा आनंद तिला ढाल मिळाली तेव्हाही झाला नव्हता. "म्हणजे निकाल रद्द, सर?"

"रद्द कसा होईल? मांडव सांगितलाय." सरांनी लेटरहेड शोधलं. ते कपाटात होतं. कपाटाची चावी क्लार्ककडं होती, आणि क्लार्कसुद्धा सर्वेला. मग सरांनी बिसियूटचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा, डाळ-तांदळाचा एक जुना फॉर्म उलटा केला, त्याच्या पाठीवर आदेश लिहिला, त्याला एक नंबर घातला, सही ठोकली आणि पुराव्याचा कॉलम पट्टीनं स्वतः आखून दिला. "आयतु! झालं काम! उद्या चार वाजता कार्यक्रम. पहिला नंबर आलेला निबंध अध्यक्ष स्वतः माईकवर वाचणार. आपली पद्धत हाय."

"अध्यक्ष कोण, सर?"

"असं काय विचारालीस? तुझे आज्जा की!"

घरी जाताना अनुराधाला तो रस्ता कधी नव्हे इतका छोटा वाटला. तिच्यापुढं तीन वाटा होत्या. मार्क बदलायचे. म्हणजे पद्मजानं जे आज्जीचा शब्द मोडून लिहिलं, ते फुकट. किंवा गप्प बसायचं. म्हणजे आज्जा उद्या गावासमोर, चष्मा लावून, खणखणीत आवाजात वाचत जाणार आणि मधेच त्यांना स्वतःचंच नाव भेटणार. किंवा आजच सांगायचं. ढालवाल्या वक्त्याला साडेतीन मिनिटं न अडखळता बोलता येतं, पण 'आज्जा' या शब्दानंतर काय बोलायचं हे तिला चौकापर्यंत सुचलं नाही.

मग तिनं बोलायचा नादच सोडला. आज्जांचं जेवण सूर्य असतानाच, साडेपाचला व्हायचं. ते हात धुऊन कट्ट्यावर बसल्यावर तिनं नंबर एकेचाळीस त्यांच्या हातात ठेवला. "पहिला नंबर आहे."

आज्जांनी चष्मा पुसला. वाचताना त्यांचे ओठ हलायचे. 'सूर्य कुणासाठी थांबत नाही' इथं त्यांनी कौतुकानं मान हलवली. मग ओठ हलायचे थांबले. त्यांनी कागद पुन्हा वरून वाचला. भाकरीच्या तव्याचा आवाज आतून येत होता, तोही थांबला.

"ह्यो पुरावा खरा हाय?"

अनुराधानं कागदावरच्या जिनमती आज्जींच्या नावावर बोट ठेवलं.

आज्जांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि चालायला लागले. ती मागं. दोन गल्ल्या पलीकडं जिनमती आज्जी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. शेजारी पद्मजा. आज्जांच्या हातातला कागद बघून पोरीचा चेहरा पांढरा पडला.

"जिनमती," आज्जा उभ्यानंच म्हणाले, "आमच्या पोरीच्या लग्नात तू जेवली होतीस?"

"अगं बाई! जेवली होती की. पोटभर. बुंदी लई झकास होती तुमची."

आज्जांनी हातातल्या कागदात बघितलं. "जिनमती, त्या दिवशी बुंदी नव्हती. जिलबी होती."

शेंगांचा आवाज थांबला. जिनमती आज्जींनी पदरानं उगीचच नाक पुसलं. "मग जिलबी असंल. म्हातारीला काय आठवतंय?" आणि मग, पद्मजाच्या पाठीत हलकेच धपाटा घालून, "आण्णासाहेब, तुमी इतकं छान बोलत होता माईकवर. मधनं कोण अडवणार तुमाला? आन एक दिवसानं काय मरत न्हाय माणूस."

"तीन वर्षं मी गावाला सांगत फिरालोय..." आज्जांना पुढचं वाक्य सापडेना. महिनोन्‌महिने रोज म्हटलेलं वाक्य, पण सापडेना. शेवटी ते म्हणाले, "उद्या हे माईकवर वाचायचं हाय. वाचू?"

"वाचा की. मी तरी खोटी बुंदी किती दिवस खाऊ?"

परत येताना आज्जा भराभर चालत होते. अनुराधाला राहवेना. "आज्जा, दुसरा नंबर वाचायला ठेवू का? गुलाबजामाचा आहे. लोक हसतील."

"मार्क किती दिलंस हिला?"

"अठ्ठावीस."

"बदलायचं न्हाईत." चार पावलं गेल्यावर ते थांबले. "पण समोरच्याच्या म्हणण्याला पाचातलं पाच कसं दिलंस? पंगतीची बाजू हिनं दोन वाक्यांत उरकलीय!"

"आज्जा, दोन वाक्यं पुरेशी होती."

"पुरेशी न्हाईत. निबंध द्यायची तारीख गेली का?"

"सोमवारीच गेली."

"उशिराचं कारण लिवतो," आज्जा म्हणाले, आणि घरी आल्या आल्या तिचं दुसरं लाल पेन मागून घेतलं.

शनिवारी शाळेच्या अंगणात अख्खी गल्ली लोटली होती. ज्यांची नावं निबंधात होती ते सगळे पहिल्या रांगेत, म्हणजे निबंधात काय आहे ते नीट ऐकू यावं. हेडसरांनी पाकीट फोडलं आणि पद्मजाचं नाव पुकारलं, तर ती उठेचना. शेजारणींनी ढकलून उभी केली. मग आज्जांनी माईक घेतला.

त्यांनी सगळं वाचलं. एक अक्षर गाळलं नाही. 'यजमान आण्णासाहेब आज्जा' इथं ते थांबतील असं अनुराधाला वाटलं होतं. ते थांबले, पण आवाज मोठा करायला. 'एकतिसाव्या नावानंतर' म्हणताना अंगणात इतकी शांतता होती की मागं कुणाचं तरी मूल शेंगदाणा चावत होतं तो ऐकू आला. जिनमती आज्जी मान खाली घालून बसल्या होत्या, आणि अक्काताईंनी, गुलाबजामाच्या अक्काताईंनी, त्यांचा हात धरला होता.

वाचून झाल्यावर आज्जांनी खिशातून दुसरा कागद काढला. "आता नंबर सत्तावन्न. उशिरा आलाय. कारण : तीन वर्षं समजलं नव्हतं."

निबंध आठ ओळींचा होता. 'माझे मत : पंगतच असावी. दोष पंगतीचा नाही. दोष माईकचा आहे. आणि माईक ज्याच्या हातात होता त्याचा आहे. समोरचीचे म्हणणे सगळे खरे आहे. त्याला उत्तर : सत्कार बंद. पंगत चार वाजता. घरच्या बायका पहिल्या पंगतीला बसतील, वाढायला पुरुष. पुरावा : अभिनंदनच्या लग्नात देतो.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई वाजवत नव्हती. ती 'घरच्या बायका पहिल्या पंगतीला' हे वाक्य खरंच ऐकलं का, हे शेजारणीला विचारत होती. आज्जांनी कागद अनुराधापुढं धरला. "तपास."

सगळ्यांसमोर! तिनं कानावरचं पेन काढलं. मत पाच. कारणं चार. समोरच्याचं म्हणणं पाच. शुद्धलेखन एक, आणि तोही आज्जा म्हणून. मग ती माईकमध्ये म्हणाली, "पुराव्याला शून्य. पुरावा आल्यावर बघू."

"बरोबर हाय," आज्जा म्हणाले.

अभिनंदनदादाच्या लग्नात माईक नव्हता. मांडववाल्यानं सवयीनं आणला होता, तो आज्जांनी पोत्यात घालून ट्रॅक्टरखाली ठेवला. पाहुण्यांना कुणी शाल घातली नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्यामुळं कुणी आजारी पडलं नाही. चारला पाच मिनिटं असताना पहिली पंगत बसली. त्यात आई होती. आयुष्यात पहिल्यांदा ती लग्नात गरम भात खात होती आणि चुलते तिला पाणी देत होते. बुफे तिनं पूर्ण सोडला नव्हता. आईस्क्रीम उभ्यानंच खायचं, एवढं तिनं तहात मिळवलं होतं. नागोजीमामा प्रत्येक रांगेत मोजून चार फेऱ्या मारत होते. पद्मजाच्या वर्गातली पोरं कोपऱ्यात वही घेऊन बसली होती, हे त्यांनी आल्या आल्या बघितलं होतं.

जिनमती आज्जींना आज्जांनी स्वतः वाढलं. "सुरू करा" असं ते सगळ्यांत आधी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले. आग्रह केला, दोनदा, आणि दोन्ही वेळा वर आभाळाकडं बघून. मांडवाच्या कापडावर लख्ख ऊन होतं.

जिनमती आज्जी उठल्या तेव्हा दारात कुणीतरी विचारलंच, "जेवलात?"

"पोट भरलं," त्या म्हणाल्या. मग पद्मजाकडं वळून, "जा, पान बघून ये जा. नाहीतर परत लिवशील."

पान लख्ख होतं. मिठाचा कणसुद्धा नव्हता.

अनुराधानं पर्समधून नंबर सत्तावन्न काढला. लग्नात कानावर पेन शोभत नाही म्हणून तेही पर्समध्येच होतं. तिनं शून्य खोडून पुराव्याला नऊ दिले.

आज्जा मागून बघत होते. "दहातला एक का कापलास?"

"भजी गार होती, आज्जा."

आज्जांनी वाद घातला नाही. ते वळून थेट भटारखान्याकडं गेले. दुसरी पंगत बसायची होती, आणि ऊन अजून बरंच होतं.